सिरियल, नाट्यशाळा की नोकरी सांभाळून नाटक? अभिनयात उतरण्याआधीचा हिशेब

मे महिन्यातल्या आमच्या नाट्यशिबिराचा शेवटचा दिवस. सतरंज्या गुंडाळून झाल्या, पोरं चहाला गेली आणि एक मुलगी मागे रेंगाळली. वय एकवीस, नुकतीच बी.कॉम. झालेली. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं, तीन वर्षं आमच्याबरोबर एकांकिका करते आहे. तिला ठाण्याहून फोन आला होता. एका मालिकेत नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम, लुक टेस्ट झाली की लगेच शूटिंग. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अर्ज भरायचं तिच्या मनात आधीपासून होतंच. आणि आईनं तिच्यासाठी इथल्याच एका पतसंस्थेत शब्द टाकून ठेवला होता. "सर, तुम्ही सांगाल तसं करते," म्हणाली.

तिला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. मी तीस वर्षं बँकेत खातेवह्या आणि पुढे कॉम्प्युटर सांभाळत सांगलीत नाटक केलं, राज्य नाट्य स्पर्धेत उतरलो, दोन मालिकांत किरकोळ कामं केली. पण माझ्या एकट्याच्या अनुभवावर दुसऱ्याच्या पोरीचं आयुष्य बेतायचं नसतं. म्हणून घरी येऊन वही काढली आणि तिन्ही वाटा शेजारी शेजारी मांडल्या. दरवर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं, तेव्हा तो हिशेब इथे सगळ्यांसाठी लिहितो.

ते पोटासाठी काय करत होते?

आपण ज्यांच्याकडे बघून या वाटेला लागतो, त्यांचं फक्त रंगमंचावरचं आयुष्य आपल्याला माहीत असतं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ते कुठे होते, हे फारसं कुणी विचारत नाही. मला वाटतं पहिला प्रश्न तोच विचारावा.

डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट देतात. 'डॉक्टरकी सोडून नट झाले' एवढंच सांगतात. त्यांचा जन्म १९२७ चा, साताऱ्याचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून ते डॉक्टर झाले, पुढे कान-नाक-घशाचे सर्जन झाले. पुण्यात प्रॅक्टिस केली, आफ्रिकेत टांझानियात केली. कॉलेजपासून नाटक चालूच होतं, आधी पुण्यात पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, पुढे मुंबईच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेत. पूर्णवेळ नट व्हायचं त्यांनी १९६९ साली ठरवलं, तेव्हा ते बेचाळिशीच्या उंबरठ्यावर होते. डिसेंबर १९७० मध्ये 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला आणि गणपतराव बेलवलकर लोकांच्या घराघरात पोचले. म्हणजे ज्या माणसाला आपण 'उडी मारणारा' म्हणतो, त्यानं उडीच्या आधी जवळपास वीस वर्षं हौशी रंगभूमीवर घासून काढली होती.

डॉ. मोहन आगाशे यांनी तर डॉक्टरकी सोडलीच नाही. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं, त्यातले नाना फडणवीस तेच. त्या नाटकाबरोबर ते युरोपात गेले, सिनेमे केले, आणि तेवढ्याच निष्ठेनं पुण्यात मानसोपचार शिकवत राहिले. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारेबाई त्यांनी उभी केली, ती बाईसुद्धा शिक्षिकाच. ज्या शाळेत त्यांनी खडू हातात धरला, त्याच शाळेच्या सभागृहात पुढे 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं प्रायोगिक नाटकांची छबिलदास चळवळ चालवली.

अशोक सराफ बरीच वर्षं स्टेट बँकेत होते. प्रशांत दामले 'बेस्ट'मध्ये नोकरीला होते. लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करायचे, म्हणजे नाटकाच्या वास्तूतच, पण पगारी कर्मचारी म्हणून. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत आणि सेवा दलाच्या कलापथकात उभे राहत. 'एक गाव बारा भानगडी' १९६८ चा, 'सखाराम बाइंडर' १९७२ चं. त्याआधीची सगळी वर्षं झाडांची आणि वगनाट्याची. सयाजी शिंदे साताऱ्याकडच्या खेड्यातले. शिकत असताना पाटबंधारे खात्यात वॉचमन होते. तिथून मुंबई, 'झुलवा' नाटक, मग 'शूल', आणि २००० साली तमिळमध्ये थेट महाकवी भारतींची भूमिका. आज तेलुगू प्रेक्षक त्यांना आपलाच माणूस समजतो.

ही यादी वाचून 'नोकरी करा आणि नाटकही करा' असं सांगून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या नोकऱ्या कसल्या होत्या तेही बघायला हवं. बँक, बेस्ट, शाळा, सरकारी खातं. कामाची वेळ ठरलेली, रजा हक्काची, आणि साहेबाला नाटकाचं वावडं नसायचं, उलट कौतुकच असायचं. आंतरबँक नाट्यस्पर्धा होत्या, कामगार कल्याण मंडळाची स्पर्धा होती. ऑफिसच्या नावानं नाटक केलं की सुट्टीही मिळायची. माझ्या शाखेत मॅनेजर तालमीच्या दिवशी मला पाच वाजता उठवून पाठवायचे. आज पुण्यातल्या एखाद्या कंपनीत रात्री नऊला लॅपटॉप बंद करणाऱ्या मुलाला मी 'लागूंसारखं कर' म्हटलं तर ते त्याच्यावर अन्याय करणारं होईल. त्यामुळे नोकरी निवडताना पगाराबरोबर सुटण्याची वेळ बघा. सव्वासहाला सुटणारी कमी पगाराची पतसंस्था नटासाठी मोठ्या पॅकेजपेक्षा मोलाची असू शकते. त्या मुलीच्या आईला हे माहीत नसेल, पण तिनं आणलेलं स्थळ नाटकाच्या दृष्टीनं चांगलं आहे.

शिकून आलेल्यांची ओळ वेगळी. रोहिणी हट्टंगडी पुण्याच्या. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकल्या. १९८२ च्या 'गांधी'मध्ये कस्तुरबा केली आणि त्यासाठी 'बाफ्टा' हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळवला. १९८४ च्या 'सारांश'मध्ये ऐन तारुण्यात म्हातारी आई उभी केली. पुढे 'चार दिवस सासूचे' ही मालिका एक तपभर चालवली, भाग तीन हजारांच्या वर गेले. नाटक, सिनेमा, मालिका तिन्हीकडे त्यांचं शिक्षण वापरात आलं. अतुल कुलकर्णी बेळगावात जन्मले, सोलापुरात वाढले, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं, सोलापूरच्या 'नाट्य आराधना'त काम केलं आणि मग दिल्लीला गेले. १९९५ ला तिथून बाहेर पडले तेव्हा वयाची तिशी आली होती. पाच-सहा वर्षांत 'हे राम' आणि 'चांदनी बार'साठी दोन राष्ट्रीय पुरस्कार. मुक्ता बर्वे चिंचवडची. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकली, आणि आज नाटकाची निर्मितीही करते.

आणि अकलूजची रिंकू राजगुरू. शाळेत असताना 'सैराट' मिळाला, २०१६ साली तो आला आणि महाराष्ट्र तिला आर्ची म्हणूनच हाका मारायला लागला. हे घडलं, खरं आहे, त्या मुलीचं काम अस्सल होतं. पण ते तिनं ठरवून घडलेलं नव्हतं. दिग्दर्शक तिच्या गावाकडे पोचला. निर्णय घेणाऱ्याच्या हातात नसलेली गोष्ट हिशेबात धरता येत नाही, म्हणून थेट सिनेमाची वाट मी या तुलनेत मांडलेलीच नाही. सिनेमाबद्दल पुढे थोडं बोलतो.

दिवस कसा जातो

नाटकाची तालीम चाळीस-पंचेचाळीस दिवस. पहिल्या वाचनाला शेवटचं पान तुमच्या हातात असतं. आपलं पात्र शेवटी मरतं, जिंकतं की घर सोडून जातं, हे माहीत असल्यामुळे पहिल्या प्रवेशात कप कसा उचलायचा तेही ठरवता येतं. मग तेच प्रयोगामागून प्रयोग. दामल्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग केला. रोज एक धरला तरी चौतीस वर्षं होतात. एवढ्या वेळा तेच वाक्य बोलून ते ताजं ठेवायचं, ही एक वेगळीच मेहनत आहे.

त्याचं शिक्षण कुठे मिळतं ते सांगतो. आमच्या एका नाटकात माझं साधं वाक्य होतं, "दार उघडंच होतं." सांगलीत त्याला हशा यायचा. इचलकरंजीला त्याच वाक्यावर पूर्ण शांतता. पहिल्यांदा मी हशासाठी थांबलो, हशा आला नाही, आणि समोरचा नट माझ्याकडे बघतच राहिला. दोन सेकंदांचं भगदाड पडलं. पुढच्या प्रयोगापासून मी थांबायचं की नाही ते आधीच्या वाक्याला लोक खुर्चीत कसे हलतात त्यावरून ठरवायला लागलो. अंधारातली ती हालचाल ऐकायला कान तयार व्हावा लागतो. तो कॅमेऱ्यासमोर तयार होत नाही.

मालिकेत उलटं. सकाळी सातचा कॉलटाइम. मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर सीनचे कागद येतात, कधी मेकअप अर्धा झाल्यावर येतात. पात्राचं पुढे काय होणार ते लेखकालाही पुरतं ठाऊक नसतं, कारण ते गुरुवारी येणाऱ्या टीआरपीवर ठरतं. आज जीव लावणारी बहीण दोन महिन्यांनी कपाटातले दागिने चोरते. तुम्ही आधी रंगवलेलं सगळं पुसून नवं उभं करायचं, तेही दहा मिनिटांत. एकच सीन तीनदा: आधी मास्टर म्हणजे सगळा प्रसंग लांबून, मग ओव्हर द शोल्डर म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून, मग क्लोज म्हणजे नुसता चेहरा. मास्टरला रडलात तर क्लोजलाही तेवढंच रडायचं. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते, तिच्यावरच थांबायचं, आणि तिच्याकडे बघायचं नाही. बारा-तेरा तासांची शिफ्ट, वर घोडबंदर रोडचा किंवा गोरेगावच्या चित्रनगरीचा प्रवास.

पण मालिकेला नाक मुरडणारी मंडळी मला पटत नाहीत. दहा मिनिटांत चार पानं पाठ करून, समोर नट नसताना, नुसत्या काठीच्या टोकाकडे बघून वाक्य खरं वाटेल असं बोलणं ही कारागिरी आहे. मी ते पाहिलं आहे. माझ्यासोबत एक वयस्कर बाई होत्या, त्या डोळ्यांच्या उंचीसाठी माझ्या खांद्यामागच्या पंख्याच्या बटणाकडे बघून मुलाच्या मृत्यूचा प्रसंग करत होत्या. मी तिथेच उभा होतो, मला कापरं भरलं. मालिकेनं गावाकडच्या नटांनाही दार उघडलं. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली सावंतवाडीजवळच्या आकेरीत उभी राहिली आणि सिंधुदुर्गातल्या दशावतारी, हौशी नटांना काम मिळालं, त्यांची मालवणी महाराष्ट्रभर गेली. ही माणसं मुंबईत खोली घेऊन ऑडिशनच्या रांगेत उभी राहिली असती तर त्यांना कुणी विचारलं असतं का, शंकाच आहे.

फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या. मालिका तुमच्याकडे जे आहे ते वापरते. नवीन काही घालायला तिथे कुणाला वेळ नसतो. आवाज, शब्दोच्चार, श्वास, शरीर यांची कमाई आधी झालेली असेल तर ती वर्षानुवर्षं पुरते. नसेल तर साधारण आठव्या महिन्यात त्याच त्या तीन हावभावांवर गाडी येते. दिग्दर्शकाला ते चालतं, पण तुमचं नुकसान होतं.

पैसा कसा येतो

आकडे सांगत नाही, ते माणसागणिक बदलतात. पैसा कधी आणि कसा येतो ते सांगतो.

व्यावसायिक नाटकात प्रयोगाचे पैसे, म्हणजे 'नाइट', बहुतेक वेळा त्याच रात्री पाकिटातून हातात पडते. हिशेब स्वच्छ. पण तालमीच्या दीड महिन्याचे पैसे नसतात किंवा नावापुरते असतात, आणि नाटक वीस-पंचवीस प्रयोगांत बंद पडलं तर त्या दीड महिन्याची भरपाई होत नाही. तिकीट वाढवून उत्पन्न वाढवायलाही मर्यादा आहे. ५०० रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटाला जीएसटी माफ असल्यामुळे निर्माते त्याच्या वर जायला कचरतात. आणि दारं बंद झाली की मिळकत शून्य. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मध्ये निम्म्या क्षमतेनं थोडे दिवस उघडली, पुन्हा बंद झाली, ती २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. त्या काळात मालिकांची युनिटं गोवा, दमण, सिल्वासाला जाऊन शूटिंग करत होती. नाटकाला कुठे जाता येत नव्हतं. आमच्या ओळखीच्या एका नेपथ्य लावणाऱ्यानं भाजीची गाडी लावली. पुढे नाट्यगृहं उघडली तरी तो परत आला नाही.

मालिकेत दिवसावर पैसे. कलाकाराला साधारण तीन महिन्यांनी पैसे मिळण्याची पद्धत आहे. म्हणजे जूनमध्ये काम सुरू केलं तर पहिला पैसा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसतो, तोही दहा टक्के टीडीएस आणि को-ऑर्डिनेटर, म्हणजे काम मिळवून देणारा मध्यस्थ, असेल तर त्याचं कमिशन वजा होऊन. तोवर खोलीचं डिपॉझिट, भाडं, दलाली, रिक्षा आणि जेवण खिशातून. बाहेरगावच्या मुलामुलींनी किमान पाच महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय गाडीत बसू नये, हे मी कळकळीनं सांगतो. मी एका मालिकेत सात दिवस दिवाणजीचं काम केलं होतं. चेक अकरा महिन्यांनी आला आणि त्यात पाचच दिवस लावले होते. माझा पगार चालू होता म्हणून मी सोडून दिलं. माझ्याबरोबर साताऱ्याचा एक मुलगा होता, त्याच पैशावर त्याचं भाडं थकलं होतं.

मग करारावर सही करण्याआधी विचारायचे प्रश्न: महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे? या काळात दुसरीकडे काम करायची मुभा आहे का? नाटकाच्या प्रयोगासाठी शनिवार-रविवार सोडतील का? ट्रॅक, म्हणजे आपल्या पात्राचा कथेतला धागा, संपला तर आधी किती दिवस सांगणार? कपडे कुणाचे? नायिकेच्या बहिणीला महिन्यात आठ-दहा दिवस काम असतं आणि करार मात्र पूर्ण महिना बांधून ठेवतो, असं अनेकदा होतं. मुलींनी तक्रार कुणाकडे करायची तेही विचारून घ्यावं. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. आणि ऑडिशनसाठी, कलाकार संघटनेच्या कार्डासाठी, पोर्टफोलिओसाठी कुणी पैसे मागितले तर तिथून उठून या. काम देणारा माणूस पैसे मागत नाही.

शिकायला जायचं तर कुठे

राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दिल्ली. १९५९ ची संस्था. तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, सगळ्या देशातून बत्तीस जागा, शिष्यवृत्ती मिळते. पदवी हवी आणि आधी नाटकांत काम केलेलं हवं, म्हणजे कोरी पाटी घेऊन जाता येत नाही. शिकवणं मुख्यतः हिंदीतून. मराठी मुलांची पहिले सहा महिने तिथेच दमछाक होते, पण नंतर तीच हिंदी आयुष्यभर पोटाला येते. आपल्या भाषेबाहेरच्या नटांबरोबर तीन वर्षं राहणं, मणिपूरच्या आणि केरळच्या पोरांची शरीरं बघणं, हे महाराष्ट्रात राहून मिळत नाही. तोटा एकच पण मोठा: एकवीस ते चोवीस ही वर्षं मुंबईच्या नजरेआड जातात. ज्याला मालिकेत नायक-नायिका व्हायचंच आहे त्याच्यासाठी हा तोटा खरा आहे.

पुण्याचं ललित कला केंद्र मला मराठी मुलांसाठी सगळ्यात समंजस पर्याय वाटतो. विद्यापीठाची पदवी मिळते, शिक्षण मराठीत, आणि शहरात नाटक आहे. सकाळी वर्ग, रात्री कुणाच्या तरी गच्चीवर किंवा हॉलमध्ये तालीम, आणि 'पुरुषोत्तम' करंडकाच्या, म्हणजे महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या, दिवसांत सगळं शहरच एकांकिकेचं बोलतं. सतीश आळेकर यांनी बरीच वर्षं ते केंद्र सांभाळलं, त्यांच्या काळात तिथून निघालेली मुलं आज नाटकात, मालिकांत, सिनेमांत सगळीकडे भेटतात. मुंबई विद्यापीठातही नाट्यशिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. शिकता शिकता ऑडिशन द्यायच्या असतील तर तो सोयीचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मध्यंतरी बंद पडलेला अभिनयाचा अभ्यासक्रम २००४ पासून पुन्हा सुरू आहे. कॅमेऱ्याचंच आकर्षण असेल त्यानं तिकडे बघावं.

तीन महिन्यांत नट बनवून देणाऱ्या खासगी वर्गांबद्दल थोडक्यात: फी भरण्याआधी तिथे शिकवणाऱ्या माणसाचं गेल्या दोन वर्षांतलं एक तरी काम स्वतः बघा. ते बघायला मिळत नसेल तर फी भरू नका.

सिनेमा

सिनेमात शेवट माहीत असतो, पण काम उलटसुलट होतं. शेवटचा सीन पहिल्या दिवशी, लग्न चौथ्या दिवशी, पहिली भेट विसाव्या दिवशी. म्हणून सगळा आलेख नटाला डोक्यात धरून ठेवावा लागतो. 'नटरंग'साठी अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग ते उतरवून नाच्याची लवचिक काया आणली. असं शरीर वाचता येणं हे शिक्षणातून आणि नाटकातून येतं. मराठी सिनेमावर वर्षभर घर चालेल अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे नाटक किंवा मालिका करतात आणि सिनेमा आला की घेतात. कास्टिंगची माणसं नाटकाला येतात, एकांकिका स्पर्धांच्या अंतिम फेरीला येतात. तिथे दिसत राहणं एवढंच आपल्या हातात आहे.

वयाचा प्रश्न

याचं उत्तर तिन्हीकडे वेगळं आहे, आणि बायकांसाठी तर फारच वेगळं. मालिकेत मुलीची नायिका म्हणून वर्षं मोजकी. मग वहिनी, मग आई, मग सासू, आणि ही बढती वयाच्या आधीच होते. मी तिशीतल्या मुलीला पंचविशीतल्या मुलाची आई करताना पाहिलं आहे. नाटकात मात्र वय नटाच्या आवाजात आणि पाठीच्या कण्यात असतं. लागू बेलवलकर झाले तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. आमच्या हौशी रंगभूमीवर पंचावन्न वर्षांच्या बाईसाठी जी कामं लिहिलेली आहेत, ती करायला बायका मिळत नाहीत, कारण त्या वयापर्यंत संसारानं त्यांना नाटकातून बाहेर काढलेलं असतं. म्हणून पोटाचा स्वतंत्र आधार मुलींना जास्त गरजेचा आहे. ज्या बाईच्या हातात स्वतःचा पगार आहे तिला घरातून 'आता पुरे झालं नाटक' असं सांगणं अवघड जातं. हे मी आमच्या ग्रुपमध्ये तीस वर्षं पाहत आलो आहे.

मग कुणी काय करावं

माझं मत सांगतो. घरी पैशाची खरी निकड असेल, कर्ज असेल, वडील नसतील, तर मालिका घ्या. कुणाच्या कलेच्या गप्पा ऐकून नाही म्हणू नका. फक्त पाच महिन्यांची तरतूद करा, मिळकतीतला निम्मा भाग हात न लावता ठेवा, आणि मुंबईत ज्या दिवशी शूटिंग नाही त्या दिवशी दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात जाऊन बसा.

पस्तिशी ओलांडली आहे आणि नोकरी चांगली आहे, तर नोकरी सोडू नका. राज्य नाट्य स्पर्धेत उतरा, पुण्या-मुंबईत असाल तर प्रायोगिक संस्थेच्या दारात जा. रजा साठवा. नाटकानं तुम्हाला महिन्यातले पंधरा दिवस मागितले आणि सलग वर्षभर मागितले, तर तेव्हा राजीनाम्याचा कागद काढा.

वय पंचविशीच्या आत आहे, घर तग धरू शकतं आणि मनापासून हेच करायचं आहे, तर शिका. दिल्ली किंवा पुणे. तिथे प्रवेश मिळाला नाही तर वेळेवर सुटणारी नोकरी धरा, वर्षाला दोन नाटकं आणि दोन एकांकिका करा आणि पुन्हा अर्ज करा. मालिका कुठे जात नाही. तिला दर सहा महिन्यांनी नवे चेहरे लागतात, आणि शिकून आलेला चेहरा तिलाही हवाच असतो. एकविसाव्या वर्षी सोडलेलं बहिणीचं काम पंचविसाव्या वर्षी पुन्हा मिळेल, कदाचित बरं मिळेल. पण तीन वर्षं दिवसभर फक्त शिकायची मुभा पंचविशीनंतर घर देत नाही.

त्या मुलीला मी हेच सांगितलं, तिच्या आईला समोर बसवून. आई गप्प होत्या, मग म्हणाल्या, "दिल्लीत जेवणाचं कसं?" तेव्हा मला कळलं की त्यांचा निम्मा होकार झाला. ठाण्याला तिनं नम्रपणे नाही कळवलं. अर्ज भरला आहे. पतसंस्थेत रुजू झाली आहे, सहाला सुटते, सव्वासातला तालमीला हजर असते, डबा कधीकधी तसाच भरलेला.

निवडीच्या वेळी करून दाखवायला तिनं बेणारेबाईचं शेवटचं स्वगत काढलं होतं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला तेच हवं असतं. मी म्हटलं, ते राहू दे, दुसरं शोध. काल तिनं संत जनाबाईंचे अभंग आणले आहेत, दळताना म्हणायचे. आमच्या एका नटाच्या घरी जुनं जातं निघालं. ते उद्या रिक्षातून आणायचं आहे.